थप्पड पटली नाही

सोल पिंकसला थप्पड खाऊन आजवर कधी राग आला नव्हता. लोक बँकेत जातात, कचेरीत जातात, तसा तो रोज सकाळी जेवणाचा डबा घेऊन थप्पड खायला स्टुडिओत यायचा. गावोगाव फिरून खेळ करायचे त्या दिवसांपासून त्याच्या आणि लायमन थ्रॉपच्या जोडीत कामाची वाटणी ठरलेली होती. बुटक्या, गोलमटोल सोलने घोळ घालायचा आणि ताडमाड लायमनने त्याच्या थोबाडीत द्यायची. त्या थपडांवर सोलचं घर झालं, अंगणात लिंबाचं झाड आलं आणि बायकोला, रोझला, लोकरीचा कोट आला. कॅलिफोर्नियात तो घालायची वेळ येत नाही ही गोष्ट वेगळी.

मूकपटांच्या काळात सगळं सोपं होतं. थप्पड बसली की वर माळ्यावर दिवे सांभाळणारा गस खो खो हसायचा. गस हसला म्हणजे शॉट झाला, चला जेवायला! आमच्या स्टुडिओत विनोद तोलायचा तराजू म्हणजे गस. मग बोलपट आले आणि त्यांच्या पाठोपाठ टेलिफोन कंपनीतून मिस्टर हॅस्किन्स आले.

हॅस्किन्स काचेच्या खोलीत कानाला यंत्र लावून बसायचे आणि अख्खा स्टुडिओ त्यांच्या भुवईकडे बघत जगायचा. मायक्रोफोन एका फुलदाणीत लपवलेला असे. त्यामुळे बोलायचं ते फुलदाणीपाशी आणि धडपडायचं तेही फुलदाणीपाशीच. शिवाय हसायला सक्त मनाई. लाल दिवा लागल्यावर जो हसेल त्याला नारळ, असा मालक डॉर्फमन साहेबांचा हुकूम. विनोदी चित्रपट काढायचा आणि हसणाऱ्याला घरी पाठवायचं, ही अक्कल मालकालाच सुचू शकते.

त्या दिवशीच्या चित्रात दोघे भिंतीला कागद चिकटवणारे कामगार होते. सोल खळीची बादली घरमालकीण बाईंच्या पियानोत उपडी करतो, लायमन त्याच्या थोबाडीत देतो, एवढंच काम. पण सकाळीच साहेबांनी दोघांना आत बोलावून घेतलं होतं.

"शुक्रवारी पॅसाडेनाच्या थिएटरात लोकांना दाखवून बघू," साहेब म्हणाले. "हसले तर जोडी राहील. नाही हसले तर लायमन, तुझा आवाज भारदस्त आहे, तुला बटलरची कामं मिळतील. आणि सोल, तुझं..." साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. "तुझं बघू."

एवढं ऐकून सोल सेटवर आला, बादली ओतली, डोळे मिटले आणि गाल पुढे केला. सट्! नेहमीसारखी, मापात बसलेली थप्पड. काचेचं दार उघडून हॅस्किन्स बाहेर आले.

"थप्पड पटली नाही."

"पटली नाही म्हणजे?" सोल म्हणाला. "माझ्या गालाला विचारा की!"

"गालाचं काय घेऊन बसलात? यंत्राला विचारलंय. यंत्र म्हणतं, कुणीतरी शिंकलं."

झालं! दिग्दर्शकाने दोघांना फुलदाणीच्या आणखी जवळ उभं केलं. दुसरी थप्पड फुलदाणीला लागली. तिसरी सोलला लागली, पण यंत्राला ती दार लोटल्यासारखी वाटली. मग सामान सांभाळणाऱ्या माणसाने चामडी सपाता एकमेकींवर आपटून बघितल्या. "आता कुणीतरी गोळी घातली," हॅस्किन्स म्हणाले. खऱ्या थपडेला यंत्र खोटी म्हणत होतं आणि खोटीला खून. शेवटी सगळ्यांनी एकमताने ठरवलं की लायमननेच जरा मनापासून मारावी. या एकमतात सोलला कुणी विचारलं नाही.

आता लायमन हा मुळात मुंगीवर पाय पडला तर टोपी काढणारा माणूस. त्याचा हात काही उठेना. वेळ काढायला म्हणून तो मारण्याआधी वाकून सोलचा टाय नीट करायला लागला. मग कॉलर. मग खांद्यावरचा धागा.

"अरे, लग्नाला नेतोयस का मला?" सोल खेकसला. "मार ना लेका!"

लायमनने मारली.

"ही थप्पड आहे? पाव मळतोयस काय?"

लायमनने पुन्हा मारली. ती सणसणीत बसली, सोलच्या कानात घंटा वाजायला लागल्या, पण वरून "फिस्स" असा आवाज आला. गसला राहवलं नव्हतं. टेक वाया गेला, दिग्दर्शक माळ्याकडे बघून ओरडला, आणि गसने नोकरी वाचवायला आपली टोपी तोंडात कोंबली.

एव्हाना सोलचा उजवा गाल पावासारखा फुगला होता. आधीच्या शॉटमध्ये दोन्ही गाल सारखे होते, म्हणून रंगपटवाल्याने डाव्या गालात कापूस भरला. गाल जुळले, पण सोलचं बोलणं हॅस्किन्सना कळेना. कापूस काढला तर बोलणं कळे, पण गाल जुळेनात. तेव्हा दिग्दर्शकाला एक तोडगा सुचला: डाव्या गालावरही थोड्या मारून घ्याव्यात.

"अरे, तुम्हा सगळ्यांना झालंय काय?" सोल ओरडला आणि कधी नव्हे ते त्याने वर बघितलं. माळ्यावर गस टोपी चावत बसला होता. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

गस रडतोय! ज्या गसला आपण जिन्यावरून गडगडलो तरी आवडायचं, त्याला आज आपली कीव येतेय! सेटवर कुणी हसत नाही, कुणाच्या ओठाची कड हलत नाही. संपलं. आपल्यातलं हसू या फुलदाणीने गिळलं. आणि समोर हा लायमन, भारदस्त आवाजाचा, टाय नीट करतोय. बटलर आणखी करतो काय?

"आलं माझ्या ध्यानात," सोल दात खात म्हणाला. "बटलर व्हायचंय तुला. म्हणून हात मोकळा सुटलाय आज."

"काहीतरीच काय बोलतोस सोल? मी तुझा टाय..."

"माझ्या टायला हात लावू नकोस!"

लाल दिवा लागला. लायमनने टायला हात लावला. मग अशी काही ठेवून दिली की सोलची टोपी पियानोत जाऊन पडली. कानातल्या घंटा आणखी जोरात वाजायला लागल्या, त्या घंटांपलीकडे जगात काय चाललंय ते सोलला कळेना. थपडेखेरीज दुसरं काही न ऐकणाऱ्या हॅस्किन्सनी काचेमागून मान डोलवली. "चालेल."

रोज संध्याकाळी दोघे लायमनच्या मोटारीतून घरी जायचे. त्या दिवशी लायमन दार उघडून उभा राहिला आणि सोल त्याच्यासमोरून चालत जाऊन ट्राममध्ये बसला. लायमनची मोटार बिचारी ट्रामच्या मागे मागे, प्रत्येक थांब्याला थांबत, सोलच्या घरापर्यंत आली आणि तशीच परत गेली. रोझने नवऱ्याच्या गालावर गार मांसाचा तुकडा ठेवला आणि सूज उतरल्यावर तोच तळून ताटात वाढला.

"शुक्रवारनंतर मी एकटा," सोल जेवताना म्हणाला.

"एकटा काय करणार? स्वतःच स्वतःच्या थोबाडीत मारून घेणार?" रोझने विचारलं. सोलने आणखी एक लोणच्याची काकडी मागितली.

शुक्रवारी संध्याकाळी पॅसाडेनाचं थिएटर भरलं. सोल आणि रोझ पुढे, लायमन पार शेवटच्या रांगेत, साहेब आणि हॅस्किन्स मध्ये. खळीची बादली पियानोत पडली. लोक थोडे हसले. साहेबांनी घड्याळ बघितलं. सोलने रोझचा हात घट्ट धरला.

मग पडद्यावर लायमन वाकला. त्याने सोलचा टाय नीट केला, कॉलर झटकली, खांद्यावरचा धागा काढला. लोक खुसखुसायला लागले. आणि तेवढ्यात कर्ण्यातून, स्वच्छ, सगळ्या थिएटरला ऐकू जाईल असं लायमनचं कुजबुजणं आलं: "माफ कर हं सोल. लागेल थोडं." ज्या यंत्राला दिवसभर थप्पड ऐकू आली नव्हती, त्याने ही कुजबुज मात्र फुलदाणीतून अलगद टिपली होती. मग लायमनने डोळे मिटले. सोलने तर आधीच मिटले होते. दोघे गच्च डोळे मिटून समोरासमोर उभे, आणि हात वर!

थिएटर कोसळलं. एक बाई खुर्चीवरून घसरली. माळ्यावरचा गस आज तिकीट काढून खाली बसला होता. त्याने सगळ्या दिवसांचं थकीत हसणं एकदम वसूल केलं, आणि त्या ओळखीच्या खो खो आवाजाने सोलच्या छातीवरचा धोंडा उतरला. थप्पड केव्हा बसली, ते त्या गदारोळात कुणालाच ऐकू आलं नाही.

"माझी थप्पड!" हॅस्किन्स बाहेर येऊन हात चोळत होते. "एवढी मेहनत केली, अन् एकानेही ऐकली नाही!"

"राहू द्या हो थप्पड," साहेब डोळे पुसत म्हणाले. "जोडी राहणार. पुढच्या चित्रात असले दहा टाय घाला!"

बाहेरच्या संगमरवरी दालनात लायमन खांबाच्या आड टोपी कुरवाळत उभा होता. सोल तरातरा त्याच्यापाशी गेला.

"मला म्हणालास ते?"

"तुलाच. दर खेपेला म्हणत होतो. तुला ऐकू येत नव्हतं."

"माझ्या कानात घंटा वाजत होत्या, गाढवा! माफी मागायची तर मोठ्याने मागायची!" आणि सोलने चवड्यांवर उभं राहून आयुष्यात पहिल्यांदा लायमनच्या थोबाडीत दिली. फाट्! संगमरवरात आवाज घुमला. दारापर्यंत गेलेली माणसं मागे वळली.

"हाच!" हॅस्किन्स किंचाळत धावत आले. "हाच तो आवाज! कसा केलात? पुन्हा एकदा करा बघू!"

लायमनने सोलकडे बघितलं, हसला आणि निमूटपणे गुडघ्यांत वाकला. सोलने हात वर नेला. मग थांबला, आणि आधी त्याचा टाय नीट करायला लागला.