ओजसची पाठवणी

माझ्या लाडक्या नातवंडांनो,

रविवारी फोनवर ओजसचा फोटो पाहून तुम्ही दोघं खो खो हसलात. "आजी, शाळेच्या पहिल्या दिवशी याच्या कपाळावर कुंकू, हातात नारळ, आणि शेजारी या रडणाऱ्या बाई कोण?" तेवढ्यात नेट गेलं. तसंही हे उत्तर फोनवर उरकण्यासारखं नाही, म्हणून नीट बसून लिहिते.

त्या सुमनमावशी. सौसरला आपल्याच गल्लीत त्यांचं झूलाघर, म्हणजे पाळणाघर आहे. आया कामावर गेल्या की लेकरं दिवसभर मावशींकडे. तुमचा हा चुलतभाऊ सहा महिन्यांचा असल्यापासून तिथेच वाढला. मावशींचं ठाम मत असं, की झूलाघर हे लेकराचं माहेर आणि शाळा हे सासर. त्यामुळे शाळेत 'घालायचं' नसतं. आधी स्थळ पाहायचं, पसंत पडलं तर द्यायचं.

ओजस साडेतीन वर्षांचा झाला. तुमची काकू वृषाली त्याला केजी वनमध्ये घालायला निघाली, तर मावशी चप्पल घालून तयार.

"मी पायल्याबिगर लेकरू देत नाई."

आम्ही तिघी गेलो त्या पहिल्या शाळेत त्यांनी प्राचार्यांना सरळ विचारलं, "घरात मानसं किती?" ते गोंधळून म्हणाले, "एका वर्गात चाळीस." मावशींनी माझ्या कानात सांगितलं, "खटलं मोठं हाय जी ताई. आपलं लेकरू उपाशी राहीन." दुसरी शाळा लोधीखेड्याच्या रस्त्यावर. इमारत देखणी, पण दारातली आया एका पोरावर खेकसली. "सासू खाष्ट हाय. चला." तिसऱ्या शाळेत तर त्या आत गेल्याच नाहीत. जामसावळीच्या मारुतीला विचारून येते म्हणाल्या, आणि मारुतीला विचारायला शनिवारच लागतो.

प्रवेश बंद व्हायला आठवडा उरला. वृषाली रडकुंडीला आली. "आई, हे वर्ष वाया जाईल हो!" मावशींना डावलावं, तर ओजस त्यांनी मान हलवल्याशिवाय सुईसुद्धा टोचून घेत नसे. मग शाळेत बसणार कसा?

"मावशी, घाई आहे," मी म्हटलं.

"घाई काहून करून राहिल्या? उपवर थोडाच झाला तो!"

शनिवारी मारुतीचा अंगारा घेऊन त्या स्वतःच आल्या आणि आम्ही पुन्हा तिसऱ्या शाळेत गेलो. तिथली शिक्षिका लहानखुरी पोरगी. आमच्याशी फीबद्दल बोलता बोलता तिनं पायाशी आलेल्या एका लेकराचं शेंबडं नाक आपल्या ओढणीनं पुसलं. बोलणं थांबवलं नाही, खाली पाहिलंही नाही.

मावशी उठल्या. "ठरलं. हेच घर."

पहिल्या दिवशी सकाळी आमच्या अंगणात पाट मांडला. युनिफॉर्ममधल्या ओजसला कुंकू लावलं, शर्टाची झोळी करून त्यात तांदूळ, सुपारी, हळकुंड घातलं आणि हातात नारळ दिला.

"अहो, मुलगा आहे तो! ओटी कसली भरता?"

"मंग? पोराले का माहेर नसते?"

सगळ्या वर्गासाठी करंज्यांचा डबा घेऊन वरात निघाली. फाटकाशी मावशींनी डोळ्यांना पदर लावला. नवरी मात्र रडेना. ओजसनं करंज्यांचा डबा मागितला, बाईंचं बोट धरलं आणि मागे न पाहता आत गेला. उन्हात मावशींना घेरी येईल म्हणून बाईंनी पाण्याचा पेला पाठवला. मावशींनी तो हात जोडून परत केला. "लेकराच्या सासरचं पानी आमी पेत नाई."

घरी परतताना मी त्यांना चिडवलं, "एवढा सोहळा तर तुमच्या लेकीच्या, बेबीच्या लग्नातही केला नसेल."

त्या चालता चालता थांबल्या.

"तिची पाठवनी झालीच कुठं ताई? पुन्याले कोर्टात लगन केलं. जावाई गुनाचा हाय, मी कई रागावली नाई. फोनवर आशीर्वाद देल्ला." मग पदर सावरत म्हणाल्या, "पन फोनवर वटी नाई भरता येत. तवापासून जे लेकरू घरातून जाते, त्याची भरतो."

आम्ही दोघी सावली धरून घरापर्यंत आलो.

ओजस आता शाळेत रमला आहे. तिथल्या बाईंचं नाव घेतल्याशिवाय जेवत नाही. मावशींकडे नवी दोन तान्ही आली आहेत, आणि त्यांच्या आयांना आतापासूनच स्थळांची माहिती मिळते आहे. शनिवारी शाळा लवकर सुटते, तेव्हा ओजस आपल्या घरी येत नाही. आधी मावशींकडे जातो, वरणभात खातो, तिथेच झोपतो. हे माहेरपण अजून चालू आहे.

तुमची आजी