वसंतभाऊंची पीएचडी

वसंतभाऊंना खुर्चीत बसून एक ओळही लिहिता येत नाही. ते फ्रिजवर वही ठेवतात, उभ्यानं दोन वाक्यं लिहितात, घरभर फेरी मारतात आणि तरीही जमलं नाही की समोरच्या दारात, म्हणजे आमच्याकडे येतात.

“वहिनी, हे ऐका बरं.”

एका सकाळी मी कणीक भिजवत असताना ते चारदा आले. तीन वेळा कादंबरीचं पहिलं वाक्य वेगळं होतं. चौथ्यांदा पुन्हा पहिलंच.

बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत तीस वर्षं धाग्यातल्या गाठी तपासून ते निवृत्त झाले. मग सर्जनशील लेखनात एम.ए. केलं, आणि आता पीएचडी. प्रबंधात अर्धी कादंबरी आणि अर्धा ती अशी का लिहिली याचा खुलासा. “लिहिणं सोपं आहे,” ते म्हणतात, “पण काहून लिहिलं, ते सांगताना घाम फुटते.”

त्यांच्या मार्गदर्शक मॅडम वयानं लेकीएवढ्या, पण साहेबाला भ्यावं तसे भाऊ त्यांना भितात. मागच्या हिवाळ्यात मॅडमनी सगळी कादंबरी वाचली आणि एकच प्रश्न विचारला. “दोनशे पानांत दोन भाऊ भांडतात, जेवतात, वडिलांचं घर विकतात. बहीण त्याच घरातली आहे. ती एकदाही का बोलत नाही?”

“तिले बोलाचं नसन,” भाऊ मला म्हणाले आणि आमच्याच बैठकीत येरझारा घालू लागले.

पुढचे पंधरा दिवस त्यांनी बहिणीचे संवाद लिहिले. मी सगळे ऐकले. शेवटी राहवलं नाही.

“भाऊ, हे सगळं तुम्हीच बोलून राहिले.”

त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, “वहिनी, जरीपटक्याले येता का माझ्यासंगं? एकटा गेलो तर गेटावरूनच वापस येईन.”

शहराच्या दुसऱ्या टोकाला, जरीपटक्याला त्यांची मोठी बहीण शोभाताई राहते, हे मला तेव्हा कळलं. नऊ वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. वडील गेल्यावर भावांनी घर विकायचं ठरवलं, आणि ताईंकडे फक्त सहीसाठी कागद पाठवला होता.

शोभाताईंनी दार उघडलं. भावाला बघून पदर सारखा केला. भाऊंनी चपलाही काढल्या नव्हत्या.

“ताई, घर विकलं तवा तुले काय म्हणायचं होतं?”

“आता विचारून राहिला?”

“हो.”

“मले हिस्सा नव्हता पाहिजे, गा. मले फक्त एकदा आईच्या खोलीत जाऊन बसायचं होतं. तुम्ही घेणाऱ्याले चाबी देऊनही मोकळे झाले.”

भाऊ तिथेच उंबऱ्यापाशी खाली बसले. ताई आत गेल्या. मला वाटलं, झालं. पण त्या पाण्याचे दोन तांबे घेऊन आल्या आणि भावाशेजारी जमिनीवर बसून बोलू लागल्या. आईपासून सुरुवात केली.

आता दर रविवारी भाऊ जरीपटक्याला जातात. प्रबंध काही संपला नाही. परवा त्यांनी मुदतवाढीचा अर्ज मला वाचायला दिला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘बहिणीचं बोलणं अजून चालू आहे.’