काकीच्या डोक्यावर चार बोटं

नत्थूजी हटवारांच्या घरी पहिल्यांदा चहाला गेलेल्या माणसाला चहा मिळण्याआधी भिंतीला पाठ लावून सतरंजीवर ताठ बसावं लागे. मग नत्थूजी त्याच्या डोक्यावर लाकडी पट्टी आडवी धरत, पेन्सिलीनं भिंतीवर रेघ ओढत आणि रेघेशेजारी नाव लिहीत. मी भंडाऱ्यातल्या एका शाळेत नुकताच रुजू झालो होतो आणि त्यांच्या शेजारच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. मला वाटलं, इथे नव्या भाडेकरूची नोंद अशीच होत असावी. माझी रेघ पोस्टमनच्या वर आणि दूधवाल्याच्या खाली आली.

"पस्तीस इंच तीन सूत," ते म्हणाले. "मास्तर, उभा मानूस खोटा असते. पायाच्या भरवशावर मोठा दिसते. बसला का खरा समजते."

मग चहा आला. तोही मापात होता.

नत्थूजी, म्हणजे आम्हा सगळ्यांचे काकाजी, मोजणी खात्यातून निवृत्त झाले होते. सगळी नोकरी साखळी घेऊन लोकांची शेतं मोजण्यात गेली. "अंदाज म्हनजे आळस" हे त्यांचं ब्रीद. बाजारात ते दोडक्याचा भाव करत नसत, लांबी बघत. गल्लीत कोणी गेलं की तिरडीच्या बांबूंना माप काकाजी देत. हे काम कोणी सांगितलेलं नव्हतं, पण आमच्या गल्लीत एकाही माणसाचे पाय तिरडीबाहेर आले नाहीत, हे खरं.

सरकारी नोकरीतून सुटल्यावर माणसं काशीला जातात. काकाजी तुमसरकडच्या एका मँगनीजच्या खाणीवर गेले आणि तिथल्या साहेबानं जाताना विकायला काढलेली विलायती गाडी घेऊन आले. आणीबाणी नुकतीच उठली होती आणि लोकांना कशाचंच नवल वाटेनासं झालं होतं, तरी गल्ली गोळा झाली. गाडी हिरवी, दोन माणसांची, कमरेएवढी उंच. छत म्हणून कापडी टप होता, तो काकाजींनी पहिल्याच दिवशी नटबोल्टांसकट काढून माळ्यावर टाकला. त्यानंतर ती रस्त्यावर उभी राहिली की कोणी गवंडी आपलं घमेलं विसरून गेलाय असं वाटे. गावानं तिचं नाव घमेलंच ठेवलं.

"काकाजी, छत काहून काढलं?" मी विचारलं.

"छत नाही पायजे म्हनूनच त घेतली."

या उत्तराचा उलगडा मला त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकींनी, करून दिला. काकी कुठल्याही वाहनात बसत नसत. बैलगाडी नाही, रिक्षा नाही, एस्टी नाही. एकदा तांदूळ निवडताना, लोणच्याची कृती सांगावी तशा आवाजात त्यांनी मला कारण सांगितलं. लग्न होऊन पवनीहून भंडाऱ्याला येत होत्या. टपाची बैलगाडी. अड्याळजवळच्या नाल्यात बैल बुजाडले आणि गाडी उलटली. टप जमिनीला दाबला गेला आणि नवी नवरी आत एकटी अडकली.

"अर्धा घंटा, मास्तर. अंधार गुप्प. लोकं येऊन गाडी उचलेपरेंत मी मेलीच होती समजा. तवापासून डोक्यावर झाकन असलं का जीव घाबरते. आन् झाकन नसलं त वाटते, उलटली त?"

त्यानंतर त्या माहेरी पायी जात. दोन दिवस लागत, मधे अड्याळला नातेवाइकांकडे मुक्काम. पुढे गुडघ्यांनी रजा घेतली आणि पवनी बंद झाली. त्याला सहा वर्षं झाली होती. तिकडे त्यांची माय बाजेवरून उठत नव्हती, डोळे गेले होते. पवनीचा एक बांगड्यावाला माल घ्यायला भंडाऱ्याला येई, तो दर खेपेला तिचा निरोप आणी : "पोरीले पाहाची आस नाही ठेवली. आवाज त आयकव म्हना."

निरोप ऐकला की काकी आत जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासत. मला भिंतीपलीकडून ऐकू येई.

तर असं होतं. काकींना पवनीला जायचं होतं, माय आहे तोवर जायचं होतं, आणि पवनीला जाणाऱ्या प्रत्येक वाहनाला एकतर छत होतं किंवा नव्हतं. काकाजी या कोड्यावर पस्तीस वर्षं विचार करत होते.

उत्तर त्यांना साहेबानं गाडीसोबत दिलेल्या मोटारींच्या जुन्या मासिकांत सापडलं. शर्यतीच्या उघड्या गाडीचा फोटो होता. चालकाच्या पाठीमागे, डोक्याच्या वर, जाड पाइपाची एक कमान.

"ह्ये पाहा," काकाजी म्हणाले. फोटोतल्या कमानीवर त्यांनी पट्टी टेकवली. "छत नाही. पन उलटली त गाडी कमानीवर टेकते. मधातला मानूस साबूत."

"काकीले सांगितलं काय?"

"माप घेतल्याबिगर काय सांगाचं?"

त्यांचा नियम साधा होता. कमानीच्या माथ्यापासून समोरच्या काचेच्या चौकटीपर्यंत सुतळी ताणायची. बसणाऱ्याचं डोकं सुतळीच्या खाली चार बोटं राहिलं पाहिजे. कमानीच्या जागी तूर्त बांबू उभा करून सुतळी ताणली आणि मी बसून पाहिलं, तर सुतळी माझ्या केसांना लागली. "तुमी बसू नोका मास्तर," ते म्हणाले, "तुमी मोडान." ठेंगणे काकाजी स्वतः बरोबर बसले. आता राहिलं काकींचं माप. पण भिंतीवरच्या पन्नासेक रेघांत काकींची रेघ नव्हती. "मी काय वावर आहो, मोजाले?" असं म्हणून त्यांनी ती कधीच ओढू दिली नव्हती.

मग आम्ही कट केला. काकी अंगणात सूप घेऊन बसल्या की मी समोरून गोष्टी काढायच्या आणि काकाजींनी मागून पट्टी लावायची. मी शाळेतल्या मुलांचे पराक्रम सांगू लागलो. काकाजी चवड्यांवर मागून आले. काकी हसत हसत खडे वेचत होत्या. मान न वळवता त्या म्हणाल्या, "मास्तर, त्याइले म्हना, पट्टीचा कोपरा टोचून राहिला. लवकर मोजा आन् जा."

एकतीस इंच सहा सूत. काकाजींनी ते भिंतीवर लिहिलं नाही, डायरीत लिहिलं.

कमान वाकवायची कशी, हा पुढचा प्रश्न. पाइप नुसता वाकवला तर मधे चपटा होतो. आत रेती ठासून भरायची, दोन्ही टोकांना लाकडी गुट्टे ठोकायचे, आणि तापवून वाकवायचा. भंडाऱ्यात भांड्यांच्या भट्ट्यांना तोटा नाही. एका कासारानं आपली भट्टी दिली. काकाजींनी वैनगंगेतून रेती आणली, चाळली, मापानं भरली, गुट्टे ठोकले. पाइप लाल व्हायला लागला आणि तोफ उडाल्यासारखा आवाज होऊन एक गुट्टा छपराचं कवेलू फोडून शेजारच्या घरात गेला. तिथे तो शिंक्यातल्या दह्यात सापडला.

कासार शांतपणे म्हणाला, "काकाजी, रेती मोजली तुमी. वली हाय का सुकी, ते नाही पाह्यलं."

काकाजी दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते मुरमुरेवाल्याच्या भट्टीवर दिसले. कढईतल्या ज्या रेतीत मुरमुरे फुटतात तिच्याहून सुकी रेती अख्ख्या जिल्ह्यात नाही, हे त्यांच्या डोक्यात आलं होतं. मुरमुरेवाल्याचा एक दिवसाचा धंदा बुडाला, पण कमान अशी वाकली की काकाजी तिच्याकडे बघत बराच वेळ भट्टीपाशी उभे राहिले. जोडतानाही त्यांनी तळाच्या पत्र्यावर भरवसा ठेवला नाही. खालच्या सांगाड्याला जाड पट्ट्या, पट्ट्यांना बोल्ट, आणि मागून दोन तिरपे टेकू. समोरच्या काचेच्या चौकटीलाही आतून लोखंड.

गावाचे तर्क सुरू झाले. कोणी म्हणालं, तोरण बांधायला आहे. कोणी म्हणालं, दुधाचे कॅन टांगायला. एका वधूपित्याला ती वरातीत नवरदेवाला धरायला वाटली आणि तो गाडी मागायला आला. काकाजींनी नवरदेवाची बसती उंची विचारली, फेट्यासकट. तो परत आला नाही.

मग एका सकाळी काकाजींनी काकींना गाडीपाशी नेलं. मी दारातून पाहत होतो. काकींनी गाडीभोवती तीन चकरा मारल्या, दोन्ही हातांनी कमान हलवून पाहिली.

"दिसाले त मजबूत हाय. पन उलटली त?"

"कमानीवर टेकन."

"कोनं पाह्यलं?"

काकाजींनीही कमान धरून हलवली. जन्मभर त्यांनी लोकांना हेच विचारलं होतं. ते म्हणाले, "बराबर हाय. पाह्यलं कोनीच नाही."

आणि त्यांनी गाडी उलटवायची ठरवली.

चैतातला रविवार होता. गावाबाहेर त्यांच्या चुलतभावाच्या भातशेताची एक बांधी धान निघून कोरडी ठणठणीत पडली होती. पेट्रोल काढलं, बॅटरी काढली. गाडी धुऱ्याला, म्हणजे बांधाला, खेटून उभी केली, एका बाजूनं बांबू घेतलेली दहा माणसं, दुसऱ्या बाजूला दोर धरायला मी आणि दूधवाला, खाली तणसाचा, भाताच्या पेंढ्याचा, पातळ थर. काकी तिथवर चालत आल्या, मधे दोनदा बसून, हातात छत्री. आणि काकाजी चालकाच्या जागी जाऊन बसले आणि पलंगाच्या नवारीनं स्वतःला सीटला बांधू लागले.

"काकाजी, धानाचं पोतं ठेवा ना आत!" दूधवाला ओरडला.

"पोत्याले मंग विचारशीन, कसं वाटलं म्हनून?"

कोणाचं काही चाललं नाही. काकींनी फक्त छत्री या हातातून त्या हातात घेतली. बांबू लागले, गाडी एका कुशीवर आली, क्षणभर तशीच राहिली, आणि मग माझे तळहात जाळत दोर सुटला. चाकं आभाळाकडे झाली. धूळ उठली. त्या धुळीत मी मनातल्या मनात त्या माणसाला फार वाईट शिव्या दिल्या, कारण मला तो फार आवडत होता.

"चार बोटं," खालून आवाज आला. "बराबर हाय." नवार सुटल्याचा आणि कोणीतरी तणसावर पडल्याचा आवाज झाला. मग, "कोनी हात लावू नोका. अर्धा घंटा असाच रायतो मी."

अर्धाच तास का, हे माणसांना कळलं नाही. ती बिड्या पेटवायला मोहाच्या झाडाच्या सावलीत गेली. मी दोरापाशीच राहिलो.

काकी गाडीजवळ आल्या. गुडघ्यांवर हात ठेवत कशाबशा खाली बसल्या आणि वाकून आत पाहिलं.

"उजेड हाय," त्या म्हणाल्या.

"चारही बाजूनं हाय."

काकींनी छत्री मिटून माझ्याकडे दिली, पदर खोचला, आणि "सरका थोडं," म्हणून त्या उलट्या गाडीखाली शिरल्या. मी दुसरीकडे बघू लागलो. पण कान दुसरीकडे करता येत नाहीत.

मोहाखाली दुसरी बिडी पेटली. मग काकाजींचा आवाज आला, अगदी हळू.

"तवा गाडीवान मांग पायी येऊन राहिला होता. कासरा माह्या हाती होता. नव्या नवरीले दाखवाचं होतं मले. उतारावर बैल मीच पिटाळले. बैल बुजाडले नव्हते."

"मले मालूम हाय. टपाच्या फटीतून तुमचेच हात दिसत होते."

"मालूम हाय?" काकाजींनी विचारलं. "मंग इतके वर्सं बोलली काहून नाही? माहेरीबी नाही सांगितलं?"

"कायले सांगाचं? मी आत अंधारात होती, आन् तुमी बाहेरून रडून राहिले होते. आयकू येत होतं मले. गाडी उचलू उचलू थकले, उचलली नाही, म्हनून रडले. त्या मानसाले मी आनखी काय बोलाचं?"

आतून काकाजींनी नाक ओढल्याचा आवाज आला. तणस वाजत होतं. मला वाटतं ते आताही रडत होते, आणि माझेही डोळे भरून आले होते, ते लपवण्यात अर्थ नाही.

थोड्या वेळानं काकी म्हणाल्या, "मंगळवारी न्या पवनीले. सोमवारी मायचा उपास रायते, बोलवत नाही तिले."

मी घड्याळात पाहिलं. अर्धा तास होऊन दहा मिनिटं गेली होती. मोहाखालून दूधवाल्यानं हाक मारली, "मास्तर, टाइम झाला काय? उचलाची का गाडी?"

"नाही," मी म्हणालो. "अजून हाय."