नामदेवअप्पांची आतली बातमी

ढग अहमदपुरावर येतात आणि न बरसता निघून जातात, यात शेजारच्या तालुक्याचा हात आहे, असं नामदेवअप्पांचं म्हणणं. नव्या जिल्ह्याचं ठाणं त्यांनाच मिळावं म्हणून आपल्याला तहानेनं बेजार करायचं, असा डाव. ढग वळवतात कसे, असं मी एकदा विचारलं.

"मास्तर, आतली बातमी हाय. तुमी पुस्तकातली मानसं, तुमाला कळायची न्हाई."

अप्पा माझे शेजारी. हयात एसटी स्टँडवर नियंत्रक म्हणून गाड्या पुकारण्यात गेली. निवृत्त झाले, पाठोपाठ बायको गेली आणि पुकारायला काही उरलं नाही. ती सोय दुष्काळानं केली. रोज सकाळी ओट्यावर सतरंजी टाकून ते एकेक कारस्थान पुकारू लागले, खणखणीत आवाजात, दोनदा. पावसाचा अंदाज चुकला तर डाव, बरोबर आला तर लई मोठा डाव. पुरावा मागितला की म्हणत, "पुरावा ठिवला न्हाई, ह्योच पुरावा!" ऐकायला वीस-पंचवीस माणसं जमत. मी घरात बसून हसायचो.

एके सकाळी अप्पांनी पुकारलं, "आपल्या पाण्याचा टँकर तिकडं चाललाय." दुपारी ओट्यावरचीच माणसं दगड घेऊन रस्त्यावर उभी. टँकरची काच फुटली. चालक बसवराज नेमका शेजारच्या तालुक्याचा. कपाळातून रक्त येत होतं, तरी हात जोडून सांगत होता, "म्होरल्या तांड्यावर चाललोय हो!" मी मध्ये पडलो, तर मीच फितूर ठरलो.

धावत जाऊन अप्पांना ओढत आणलं. रक्त पाहून त्यांचा चेहरा उतरला. स्टँडवर चुकीची गाडी पुकारली गेली, की दुरुस्तीही पुकारायची, हा त्यांचा जन्माचा नेम. ते टँकरच्या पायरीवर चढले, खाकरले.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. सकाळची बातमी चुकीची आहे. टँकर तांड्यावर जात आहे. चूक नियंत्रकाची आहे." आणि सवयीनं पुन्हा एकदा.

"आन् ढगाचं?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"तेबी मीच रचलं."

हातातले दगड खाली पडले. बसवराजला दवाखान्यात नेलं.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर सतरंजी होती, माणूस एकही नव्हता. मी जाऊन बसलो.

"काय अप्पा, आतली बातमी?"

"घरात बोलाया कुनी न्हाई, मास्तर. हीच आतली बातमी. खरं सांगितलं तर कुनी थांबत न्हाई हो."

भिंतीपलीकडे बसून महिनोन् महिने हसलो, याची मला लाज वाटली. म्हटलं, "मी थांबतो. चहा टाका."

अप्पा आत गेले. थोड्या वेळानं आतून खणखणीत आवाज आला, "साखर किती?"

आणि सवयीनं, पुन्हा एकदा.