फ्राऊ क्रेमरच्या बाल्कनीतलं मंत्रिमंडळ

यंदाच्या वसंतापर्यंत आमच्या खालच्या मजल्यावर तीन मुख्यमंत्री राहायचे. शिवाय एक शेतीमंत्री, एक शिक्षणमंत्री, आणि कोपऱ्यात पावसाच्या पन्हळीजवळ वाहतूकमंत्री. सगळे कुंड्यांत. कुणी गुडघ्याएवढे, कुणी कमरेएवढे. रोज सकाळी साडेसातला फ्राऊ क्रेमर, आपल्या भाषेत क्रेमरबाई, झारी घेऊन बाहेर यायच्या आणि एकेकाची विचारपूस करायच्या. "शेतीमंत्री, पुन्हा मावा पडला?" असं त्या म्हणाल्याचं मी वरच्या बाल्कनीतून माझ्या कानांनी ऐकलंय.

तुम्हाला वाटेल, म्हातारीला भ्रम झाला असेल. मलाही आधी तसंच वाटलं होतं. कोणती म्हातारी, तेवढं विचारू नका.

तर झालं असं. जर्मनीतल्या हायडेलबर्गपासून बसने अर्ध्या तासावरचं हे आमचं गाव चेरीचं. माझा मुलगा तिकडे सॉफ्टवेअरमध्ये, सून इकडेच शाळेत, आणि मी नातीसाठी म्हणून आले ती राहिलेच. तर इकडे पिकापिकाची राणी असते. द्राक्षांची राणी, कांद्याची राणी, बटाट्याची राणी, आणि ती श्पार्गेल म्हणून पांढऱ्या कांड्यांची भाजी असते ना, तिचीसुद्धा राणी. गावातली एखादी मुलगी वर्षभर राणी होते. डोक्यावर मुकुट, छातीवरून पट्टा, घोळदार झगा. आणि जूनमध्ये या सगळ्या राण्या आपापल्या पिकाची टोपली घेऊन राज्याच्या राजधानीत मुख्यमंत्र्यांना भेटायला जातात.

मुलानं हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "थट्टा करू नकोस."

"अगं आई, खरंच. कांद्याची राणी मुख्यमंत्र्यांना कांदे देते."

"आणि ते काय करतात?"

"फोटो काढून घेतात."

फ्राऊ क्रेमर एक्क्याऐंशी वर्षांच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. गावच्या चेरी-राणीचं सगळं त्यांच्याकडे. झगा त्या शिवतात, मुकुट त्यांच्याकडे पावाच्या डब्यात असतो, आणि राणीला घेऊन राजधानीला त्याच जातात. नियमही त्यांचेच. नगराध्यक्षाशी राणीनं एक वाक्य बोलायचं. मंत्र्याशी तीन. मुख्यमंत्र्यांशी पाच, त्यातलं शेवटचं आभाराचं. सोबत आलेल्या बाईनं, म्हणजे स्वतः फ्राऊ क्रेमरनी, एकही नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम: राणीनं चारचौघांत खायचं नाही. "मुकुट डोक्यावर असला की तोंड बोलायला आणि हसायला." एवढं सांगून झालं की "गेनाऊ!" म्हणून स्वतःच स्वतःला दुजोरा देतात. गेनाऊ म्हणजे 'अगदी बरोबर'. त्यांच्या घरात दुसरं कुणी म्हणायला नाही, म्हणून त्याच म्हणतात.

आता मंत्रिमंडळ कुठून आलं ते ऐका. राणीनं टोपली पुढे केली की पुढाऱ्याला कॅमेऱ्यांसमोर एक चेरी खावी लागते. खातो. आणि मग त्याच्या तोंडात बी राहते. गिळावी तर पंचाईत, थुंकावी तर फोटो. मोठमोठी माणसं, पण त्या घटकेला चेहरा अगदी शाळेत चिंच खाताना पकडलेल्या पोरासारखा. तेवढ्यात बाजूनं एक पांढरा इस्त्रीचा रुमाल पुढे येतो. तीस वर्षांत एकाही पुढाऱ्यानं तो नाकारलेला नाही. ती बी घरी येते, धुतली जाते, ओल्या वाळूत घालून हिवाळाभर फ्रिजमध्ये लोण्याशेजारी बसते, आणि वसंतात कुंडीत जाते. कुंडीत पाटी. नाव नाही, फक्त खातं. "माणसं बदलतात," फ्राऊ क्रेमर म्हणतात, "खुर्ची तीच."

वाहतूकमंत्र्यांना उगवायला एक वर्ष उशीर झाला. इथल्या गाड्यांनी ज्यांनी प्रवास केलाय, त्यांना मी वेगळं काही सांगायला नको.

आमची दोघींची मैत्री झाली ती झाडांवरून. माझं शिक्षण सातवीपर्यंत, पण कुडाळच्या एका नर्सरीत बावीस वर्षं मी आंब्याची कलमं बांधली, गुलाबाचे डोळे भरले, म्हणजे एका झाडाचा कोंब दुसऱ्याच्या सालीत बसवला. आणि जर्मन? ते मी दुकानांच्या जाहिरातींच्या पत्रकांवरून शिकले. दर आठवड्याला टपालपेटीत पडतात, रंगीत चित्रं असतात, चित्राखाली नाव. त्यामुळे मला भोपळ्यापासून ड्रिल मशीनपर्यंत सगळी नामं येतात. आणि पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात असतं ते पहिलं अख्खं वाक्य मी पाठ केलं: "साठा असेपर्यंतच." नात इरा मला हसते. हसू दे. फ्राऊ क्रेमरना कळतं ना, बस झालं. आम्ही दोघी एकमेकींना अजून अहो-जाहोच करतो, मी 'फ्राऊ पाराब' आणि त्या 'फ्राऊ क्रेमर'.

पहिल्याच दिवशी मी त्यांना सांगितलं, "बीपासून लावलेलं झाड रायवळ. फळ कसं येईल, कुणी सांगू शकत नाही."

"मंत्र्यांचंही तसंच," त्या म्हणाल्या. "गेनाऊ."

या सगळ्यांत एकच झाड बिनपाटीचं. कठड्याशी, अर्ध्या कापलेल्या लाकडी पिंपात, माझ्या डोक्याच्याही वर गेलेलं. "हे कोणत्या खात्याचं?" मी विचारलं होतं. "ते जुनं आहे," म्हणाल्या, आणि हवेकडे वळल्या. इकडे नको असलेला विषय आला की हवेवर बोलतात.

तर यंदा एप्रिलमध्ये इमारत सांभाळणाऱ्यांचं पत्र आलं. बाल्कनीवर वजन फार झालंय. बादलीएवढ्या तीन कुंड्या ठेवता येतील. बाकी सगळं, आणि मुख्यतः ते पिंप, ऑगस्टअखेर हलवा, नाहीतर माणसं येऊन उचलतील. फ्राऊ क्रेमर पत्र घेऊन वर आल्या. आधी फोन न करता. जर्मन बाई फोन न करता दारात उभी राहिली म्हणजे काय झालं असेल, ते इथे राहिलेल्यालाच कळेल.

लहान कुंड्यांना घरं मिळाली. मुख्यमंत्र्यांना शाळेनं नेलं, बाकीचे तीन मंत्री परवानगीतल्या तीन कुंड्यांत राहिले. पिंपाला मात्र कुणी हो म्हणेना. तीस वर्षांची मुळं लाकडात रुतलेली, हलवलं की मरणार, हे मलाही दिसत होतं. शेवटी त्यांनी ठरवलं: जूनमध्ये थेट मुख्यमंत्र्यांनाच विचारायचं, तुमच्या सरकारी बागेत जागा द्या, माळी द्या.

"पण तुमच्या नियमानं तुम्हाला तर एकही वाक्य नाही," मी म्हटलं.

"गेनाऊ," त्या म्हणाल्या. पण बारीक आवाजात.

त्यांचा गुडघा दुखत होता म्हणून टोपली धरायला मला नेलं. गाडी यंदाच्या राणीनं, लेनानं चालवली. मी नारायणपेठी नेसले होते. मुख्यमंत्र्यांच्या भेटीच्या दालनात पंधरा-वीस राण्या, त्यात मी, एका फोटोवाल्यानं मला विचारलंसुद्धा, "आपण कोणत्या पिकाच्या?" मी म्हटलं, "आंब्याच्या." लिहून घेतलं त्यानं.

आणि मग चूक झाली. माझी. मुख्यमंत्र्यांना उशीर होत होता. मुली सकाळपासून उपाशी उभ्या, आणि माझ्या हातात भरलेली टोपली. आता तुम्हीच सांगा, भरली टोपली धरून चार माणसांसमोर नुसतं उभं राहायची आपल्याला सवय आहे का? वरचा थर मुख्यमंत्र्यांना राखून ठेवला, आणि खालच्या मी वाटायला लागले. आधी दारावरच्या पोलिसाला. मग कांद्याच्या राणीला. मग बटाट्याच्या. "घे गं बाळ, नाही म्हणू नये," मी मराठीत सांगत होते आणि मुली ओंजळ पुढे करत होत्या. लेनानं एकदा फ्राऊ क्रेमरकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि टाकली तोंडात. मुकुटासकट.

तेव्हा मला नियम आठवला. मी वळून बघते तर फ्राऊ क्रेमर भिंतीसारख्या पांढऱ्या. मला वाटलं, आता ही बाई सगळ्यांदेखत त्या पोरीला बोलणार. त्यांनी तोंड उघडलंही. मग मिटलं. हळूच पुढे गेल्या आणि लेनापुढे रुमाल धरला. लेनानं त्यात बी टाकली. फ्राऊ क्रेमरनी रुमालाची घडी घातली, एकदा, दोनदा, आणि ती मुठीत धरून नुसत्या उभ्या राहिल्या.

तेवढ्यात मुख्यमंत्री आले. लेना पाच वाक्यं बोलली. त्यांनी चेरी खाल्ली, फोटो झाले, आणि बी गालात घेऊन ते इकडे-तिकडे बघायला लागले. रुमाल काही येईना. मी फ्राऊ क्रेमरना कोपर मारलं. त्यांना पत्ताच नाही. शेवटी मीच हात पुढे केला, इरा लहान असताना करायचे तसा, आणि म्हटलं, "टाका." भाषा कुठलीही असो, हात ओळखू येतो. टाकली त्यांनी. झाडाचा विषय राहूनच गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माफी मागायला खाली गेले. त्यांनी कॉफी ठेवली, आणि हवेबद्दल काहीच बोलल्या नाहीत.

"माझी कारीन राणी होती," म्हणाल्या. "एकोणीस वर्षांची. तिनंही खाल्ली. तिथेच, त्याच दालनात. मी सगळ्यांसमोर तिला झापलं. म्हटलं, थुंक. माझ्या रुमालात थुंकायला लावली." कपांत कॉफी ओतत म्हणाल्या, "परतताना तिनं मुकुट काढून मागच्या सीटवर ठेवला. शरदात शिकायला कॅनडाला गेली."

"येते?"

"कार्ड येतं. नाताळला."

मग मला पिंपातलं झाड कुठल्या खात्याचं ते कळलं. बाकीच्यांसाठी रुमाल त्या पुढल्या वर्षापासून धरायला लागल्या होत्या.

मी कप खाली ठेवला आणि वाहतूकमंत्र्यांजवळ गेले. खोड पेन्सिलीएवढं, कुंडी बादलीएवढी, नखानं साल सुटते की नाही पाहिलं. सुटत होती. इतर मंत्री डोळा भरायला केव्हाच जाड झाले होते. उशिरा उगवल्याचा असाही उपयोग होतो.

जुलैअखेर मी डोळा भरला. कारीनच्या झाडाची यंदाची कोवळी फांदी, तिच्यावरचा एक टपोरा डोळा, पानाचा देठ तेवढा राखून. मंत्र्यांच्या सालीत आडवी-उभी चीर, आत डोळा, वरून प्लास्टिकची पट्टी. बावीस वर्षांत हजारो केले असतील, पण पट्टी दोनदा सोडून पुन्हा बांधली ती याचीच. फ्राऊ क्रेमर कात्री धरून उभ्या होत्या.

"आता?"

"आता तीन आठवडे. बोट लावल्यावर देठ गळून पडला तर डोळा लागला. सुकून चिकटून बसला तर गेला."

एकवीस दिवस त्या बाईनं त्या देठाला हात लावला नाही. बाविसाव्या दिवशी मला खाली बोलावलं, फोन करून. पिंप उचलणारी माणसं चार दिवसांनी येणार होती. "तुम्ही लावा बोट," मी म्हटलं. "नको, तुम्ही." शेवटी त्यांनीच लावलं. देठ पडला. खाली डोळा हिरवागार.

त्यांनी 'वाहतूक' लिहिलेली पाटी काढली, उलटी केली, आणि मागे 'कारीन' लिहून परत खोचली. मग आत जाऊन एक कार्ड घेऊन आल्या, ऑगस्टमध्ये, आणि पेन उघडून बसून राहिल्या.

"फ्राऊ पाराब," म्हणाल्या, "मुलीशी किती वाक्यं?"

मी त्यांना पत्रकातलं माझं पहिलं जर्मन वाक्य सांगितलं.

"साठा असेपर्यंत."

त्या हसल्या. मग खाली वाकून लिहायला लागल्या. थोड्या वेळानं मान वर न करताच विचारलं, "तुमच्या घरात मोठा कागद आहे का?"