दिवसाला एक ग्वाडी

भिंतीला कान असतात म्हणतात. शरणप्पा गवंड्याचा त्यावर विश्वास नव्हता. तो भिंतीला स्वतःचाच कान लावायचा. थापीच्या दांड्यानं टकटक करायचा, डोळे मिटायचा आणि वैद्यानं नाडी सोडावी तसा मागं सरून म्हणायचा, "हसी अद."

निदान कायम हेच. भिंत असो, भाकरी असो, नाही तर पाटलाचा नवा जावई असो. "हसी अद." मी उदगीरकडची, कानडीचा गंध नाही. मला वाटायचं, भिंत हसायलीय असं म्हणतोय. विहिरीवरच्या बायका मला बघून हसतच होत्या. भिंतीनं तरी कामून मागं राहावं!

तेव्हा मी अठरा वर्षांची होते आणि जगातली सगळ्यात शहाणी बाई होते. पुढं ते शहाणपण कुठं गेलं कोण जाणे; गुडघ्यांबरोबरच गेलं असावं. लग्न होऊन निर्ण्याला आल्याला दीड महिना झाला होता. निजामाचं राज्य गेलं होतं, पण त्याचा हाली रुपया अजून बाजारात फिरत होता आणि त्याच्याहून भारी सरकारी कलदार रुपयाही. सासूबाई नणंदेच्या बाळंतपणाला करजगीला निघाल्या. बैलगाडीत बसता बसता म्हणाल्या, "चुलीमागच्या भितीचा गिलावा पडलाय. मी यायच्या आत करून घे. मजुरी किती दिलीस ते आल्यावर सांग."

म्हणजे परीक्षाच. भिंत केवढी? एक म्हैस आडवी उभी राहिली तर झाकून जाईल एवढी.

दुसऱ्या दिवशी सकाळी शरणप्पानं दारातून हाक दिली. मी पदरानं डोळे पुसत बाहेर आले. धुरानं, दुसरं काही नाही. त्यानं भिंतीला कान लावला, नाडी बघितली आणि म्हणाला, "दोन रुपये. दिवसाला एक ग्वाडी."

आता आमच्याकडं गोडाला ग्वाड म्हणतात. मी मनात म्हटलं, बघा, हा कानडी मुलखातला रिवाज! मजुरी दोन रुपये, वर रोज एक गोड पदार्थ. पण मी काय कच्ची होते? कमरेवर हात ठेवून म्हणाले, "रुपये हाली देईन, कलदार न्हाई. आन् ग्वाड साधंच मिळंल, अप्पा. रोज रोज पुरण जमायचं न्हाई."

शरणप्पानं माझ्याकडं पाहिलं. चुलीकडं पाहिलं. पुन्हा माझ्याकडं पाहिलं. मिशीवरून हात फिरवला.

"साधं चालतंय, अव्वा."

मी जिंकले! पहिल्या दिवशी शिरा. दुसऱ्या दिवशी गव्हाची हुग्गी. तिसऱ्या दिवशी शेंगांची पोळी, कारण रोज शिरा दिला तर घराण्याचं नाक जाईल ना.

कामाची तऱ्हा अशी. सकाळी यायचा, चुना कालवायचा, भिंतीवर एक हात फिरवायचा, कान लावायचा. "हसी अद." मग उंबऱ्यावर बसून राहायचा. बसल्या बसल्या बोट दाखवून मला कानडी शिकवायचा. पाणी म्हणजे नीरू. मीठ म्हणजे उप्पू. गूळ म्हणजे बेल्ला. मी चुकले की थापी कपाळाला लावायचा. "उप्पू म्हणताना तोंड असं कामून करायलीस? मीठ हाय ते, कारलं न्हाई!" चूल, राख, तवा, झाडू, घरातलं सगळं शिकवलं. एक शब्द तेवढा शिकवला नाही. तो माझ्या लक्षातही आला नाही. शहाण्या माणसाला सगळं कुठं दिसतं!

आठव्या दिवशी मी विहिरीवर कानडीत भांडले. संसाराला लागले म्हणायला हरकत नव्हती.

आमच्या ह्यांचं हुमनाबादला आडतीचं दुकान. घरी आले की रिकामा तुपाचा डबा हलवून बघायचे. "एवढं तूप भितीलाच थापलं असतंस तर स्वस्तात पडलं असतं."

"तुम्हाला येव्हारातलं काय कळतंय?" मी म्हणायची. आडत दुकानदाराला!

नवव्या दिवशी दुपारी सासूबाई आल्या. शरणप्पा शिऱ्याची ताटली घेऊन उंबऱ्यावर बसला होता. मी न विचारताच निकाल सांगितला, "दोन रुपये, अत्या. हालीच. आन् दिवसाला एक ग्वाड."

"दिवसाला एक काय?"

"ग्वाड. त्येच म्हणला, एक ग्वाडी."

सासूबाई खांबाला धरून अशा हसायला लागल्या, की गाडीवान आत डोकावला. "अगं येडे, कानडीत ग्वाडी म्हंजे भित! दिवसाला एक भित करतो म्हणला त्यो!"

आणि हसता हसता थांबल्या. पुढं होऊन त्यांनी भिंतीवर तळवा ठेवला. चैत्राचं ऊन, पुढ्यात चूल आणि भिंत ओली गच्च. "ही वल्ली कशी?"

"हसी अद," मी म्हणाले. आपल्यालाही येतं हे दाखवायला.

"त्येच ते. हसी म्हंजे वल्ली. शरणप्पा, कोण पाणी मारायलंय हिला?"

"मीच. जाताना रोज."

"मराठी तुला माझ्याहून बरी येती. सांगितलं न्हाईस कामून? नऊ दिवस हिच्या हातचं ग्वाड खात बसलास?"

मी मनात हिशेब केला. रोजाचे दोन रुपये धरले तर नऊ दुणे अठरा. बैलगाडी दारात उभीच होती. तिच्यातच बसून उदगीरला जावं असं ठरवलं.

शरणप्पानं ताटली खाली ठेवली. हात पुढं केला. "ग्वाडी एक. दोन रुपये. हाली."

"आन् बाकीचे दिवस?"

तो थापी धुवायला बसला. बराच वेळ एकच थापी धूत होता.

"पहिल्या दिवशी आलो तवा हिच्या डोळ्यात धूर गेलता," तो म्हणाला. "चूल पेटलीच नव्हती."

मी पदर तोंडाला लावला.

"माझी एकुलती पोर वरंगलच्या अंगाला दिलीय. तेलगू मुलूख. त्यांचं एक अक्षर कळत न्हाई तिला. इथं मी एकटाच. सारखं वाटतंय, तिकडं तिच्या घरी बी एखादी ग्वाडी हसी असावी, बोली शिकवायला रोज कुणीतरी यावं."

सासूबाईंनी तांब्या उचलला, भरला आणि सपकन भिंतीवर मारला.

"हसी अद," त्या म्हणाल्या. "उद्या ये."