पोर्ट वाइनची पक्वान्नात गणना करण्याबाबत

पदार्थ गोड असला की त्याच्यावर सहसा कोणी संशय घेत नाही. व्यसने कडू, तुरट आणि झणझणीत चवीत आढळतात. गोडात आढळतो तो फक्त नैवेद्य. (मधुमेह हा वेगळा विभाग आहे.) या तत्त्वाची परीक्षा अमरावतीत आमच्या कॉलनीने दिली. मी कॉलनीच्या व्यसनमुक्ती समितीचा चिटणीस असल्याने हे सांगताना ऊर भरून येतो.

घडले असे. अधिक महिन्यात धोंड्याच्या जेवणाला बापूसाहेब वकिलांचे जावई पुष्करराव पोर्तुगालहून आले. सासऱ्यांनी त्यांना तेहतीस अनारसे दिले. त्यांनी सासऱ्यांना गोड पोर्ट वाइनची बाटली दिली. बापूसाहेब आमच्या समितीचे अध्यक्ष. बाटली ठेवावी तर अध्यक्षपद जाते, परत करावी तर जावयाचा अपमान होतो, तोही अधिक महिन्यात. या महिन्यात जावई विष्णुरूप असतो. (लग्नाआधी हेच पुष्करराव बापूसाहेबांच्या लेखी टवाळ होते.)

वस्तू दारू आहे की पक्वान्न, हे ठरवायला बापूसाहेबांच्या दिवाणखान्यात तातडीची बैठक बोलावली. बाटलीवर अल्कोहोलचे प्रमाण छापलेले होते. पण आमची समिती छापील गोष्टींवर विसंबत नाही.

पुष्कररावांनी कार्यपद्धती सांगितली. आधी पेला उजेडात धरून रंग पाहावा, मग वास घ्यावा, मग घोट तोंडात घोळवून थुंकून टाकावा. रंगाची पायरी वगळावी लागली, कारण शेजाऱ्यांमुळे पडदे ओढलेले होते आणि पेले स्टीलचे होते. वास खुशालरावांनी घेतला. हे शेंदूरजनाघाटचे संत्राबागाईतदार, समितीचे उपाध्यक्ष आणि अध्यक्षपदाचे जुने इच्छुक. त्यांना तंबाखूचा वास आला. मुरलेल्या जाणकारांनाच तो येतो, असे जावयांनी कौतुकाने सांगितले. (खुशालरावांच्या गालात खर्रा होता.) थुंकण्याला मात्र सर्वांनी विरोध केला. आमचे सदस्य रस्त्यावर थुंकतात, जिन्यात थुंकतात. पण यजमानाने वाढलेले थुंकण्याइतका वऱ्हाड अजून खालावलेला नाही.

"वकीलसाहेब, मले तं हे दारूच वाटून राहिली," खुशालराव म्हणाले. बापूसाहेबांचा चेहरा उतरला. "पन पुरी खात्री नाई. अजून थोडी टाका बरं."

खात्री व्हायला बराच वेळ लागला. दरम्यान कशासोबत काय शोभते याची चाचणी झाली. अनारशासोबत: हरकत नाही. गिला वड्यासोबत: दह्याने असहकार केला. ठेच्यासोबत: जीभ बधिर झाल्याने चव कळली नाही, सबब फेरतपासणी, आणि तिचीही फेरतपासणी. अखेर समितीचे खजिनदार चंद्रभानजी यांनी पुरणाच्या धोंड्यावर तुपाऐवजी वाइनच ओतली आणि प्रश्न निकालात निघाला. धोंड्यावर ओततात ती वस्तू दारू कशी असेल? ठराव झाला: पक्वान्न. खुशालरावांनीही हात वर केला. दोन्ही केले.

अध्यक्षपद वाचले. बापूसाहेबांनी जावयाला मिठी मारली आणि बराच वेळ सोडलेच नाही.

पुरुषांची पंगत उठली, बायकांची बसली. ताराबाईंनी, म्हणजे बापूसाहेबांच्या पत्नीने, उरलेली बाटली उचलून स्वतःच्या आणि लेकीच्या वाटीत ओतली. मग खिडकीचा पडदा सरकवला. समोरच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या माणिकबाई थबकून बघू लागल्या.

"अगं, पडदा लाव आधी!"

"का हो? पक्वान्नच आहे ना?"

"दारू आहे ती!" बापूसाहेब ओरडले.

अध्यक्षांच्या एका वाक्याने अख्खी समिती अधिक महिन्यात दारुडी ठरली होती, अध्यक्षांसकट.

नेतृत्व अशाच वेळी दिसते. खुशालराव भिंतीच्या आधाराने उठले. "चिटणीस, दुरुस्ती लिवा. माणसाइच्या पंगतीत पक्वान्न, बायाइच्या पंगतीत दारू."

एकमताने मंजूर. अध्यक्षपद पुन्हा वाचले. मी दुरुस्ती लिहीपर्यंत ताराबाईंची वाटी रिकामी झाली होती.

"बरी आहे," त्या म्हणाल्या. "पण एवढं लपून पिण्यासारखं काय आहे हिच्यात?"

हा मुद्दा विषयपत्रिकेवर नसल्याने फेटाळण्यात आला. दुरुस्तीला हसलेल्या वाचकांची नावे आम्ही समितीच्या सदस्यांत घालत आहोत. ज्यांची हरकत असेल त्यांनी, आज आपल्या घरी सर्वांत शेवटी, गार पोळी कोणी खाल्ली, एवढेच कळवावे.